अ‍ॅन रॅडक्लिफ: लिहिणं थांबवलं म्हणून वेडी ठरवलेली भयकादंबरीकार

गोदाकाठ

भयकथेचा विषय निघाला की आपली गाडी धारपांपासून सुटते आणि मतकरींपाशी थांबते. तक्रार नाही, मीही त्याच गाडीतली. पण त्याच्या बरंच मागे जाऊन एका बाईबद्दल लिहायचं मनात होतं.

उंच कडा, त्यावर पडका किल्ला, आत अडकलेली पोरकी मुलगी, कुलूपबंद दालन, पडद्यामागे काहीतरी, आणि किल्ल्याचा मालक कोण, तर गोड बोलून गळा कापणारा नातेवाईक. हे सामान आज कुठल्याही भयपटात फुकट मिळतं. ते नीट मांडून बाजारात आणलं ते अ‍ॅन रॅडक्लिफने. पहिली ती नव्हे. होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' १७६४ च्या डिसेंबरात आली. अ‍ॅनचा जन्मही त्याच वर्षीचा, ९ जुलै, लंडनमधल्या होबर्नचा. पण वॉलपोलच्या गोष्टीत लग्नाच्या दिवशी एक अवाढव्य शिरस्त्राण वरून पडतं आणि नवरदेव त्याखाली चेपतो. हसावं की घाबरावं कळत नाही. अ‍ॅनने असलं काही केलं नाही. तिच्या कादंबरीत जिन्यावर पावलं वाजतात, दिवा विझतो, आणि मग पाच-सात पानं काहीच होत नाही. ती पाच-सात पानं म्हणजे तिचं खरं कसब.

वडील विल्यम वॉर्ड शिवणाच्या सामानाचे दुकानदार. पुढे ते बाथ शहरात वेजवूडच्या चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान सांभाळायला गेले, कारण नात्यातले टॉमस बेंटली हे वेजवूडचे भागीदार. बेंटलींच्या घरी लहानपणी अ‍ॅनची सोबतीण होती वेजवूडची मुलगी सुकी. हीच सुकी पुढे चार्ल्स डार्विनची आई झाली. (याचा पुढच्या गोष्टीशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

१७८७ मध्ये विल्यम रॅडक्लिफशी लग्न. तो ऑक्सफर्डचा पदवीधर, वकिली अर्धवट सोडून वृत्तपत्रात शिरलेला. संसदेचं वार्तांकन, मग संपादकी, त्यामुळे घरी यायला रोज उशीर. मूलबाळ नाही. रात्री शेकोटीशी बसून ही लिहायची आणि तो आल्यावर त्याला वाचायला द्यायची. तिच्या कादंबऱ्यांतली रात्र इतकी खरी का वाटते, याचं उत्तर मला इथेच मिळतं. घरात एकटं माणूस कान देऊन बसलंय आणि दाराची कडी अजून वाजत नाहीये, हे तिला कल्पनेने लिहावं लागलं नसणार.

१७८९ मध्ये पहिली कादंबरी, नाव न घालता. १७९० मध्ये दुसरी. १७९१ ची 'द रोमान्स ऑफ द फॉरेस्ट' गाजली आणि दुसऱ्या आवृत्तीवर तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव येऊ दिलं. मग १७९४ मध्ये 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो', चार खंडांत. प्रकाशकाने हक्कांचे ५०० पौंड मोजले. त्या काळी साध्यासुध्या कादंबऱ्या दहा-वीस पौंडांत विकल्या जात. त्यानंतरच्या 'द इटालियन'ला तर ८०० मिळाले.

'उडॉल्फो' थोडक्यात अशी. १५८४ साल. एमिली नावाची मुलगी आई-वडील गेल्यावर आत्याच्या ताब्यात येते. आत्या मोंतोनी नावाच्या इटालियन माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना अपेनाइन डोंगरातल्या आपल्या किल्ल्यात नेतो. तिथे एका दालनात काळा पडदा आहे. एमिली तो उचलते, पाहते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिलं ते लेखिका सांगत नाही. हा प्रसंग दुसऱ्या खंडातला, आणि उत्तर मिळतं थेट चौथ्या खंडाच्या शेवटाकडे. मधली शेकडो पानं वाचक तो पडदा डोक्यात घेऊन हिंडतो. पडद्यामागे असतो मेणाचा पुतळा, किडे पडलेल्या प्रेताचा, पूर्वीच्या एका मालकाला प्रायश्चित्त म्हणून रोज पाहायला लावलेला.

तिच्या जिवंतपणी छापलेल्या कादंबऱ्यांत शेवटी असंच होतं. प्रत्येक भुताचा खुलासा मिळतो. आवाज चोरांचा, सावली नोकराची, गूढ संगीत वाजवणारं कुणी हाडामांसाचं.

आणि हो, इटली तिने कधी पाहिलीच नाही! ते डोंगर तिने साल्वातोर रोझा आणि क्लोद लोरें यांच्या चित्रांतून आणि इतरांच्या प्रवासवर्णनांतून उचलले. 'उडॉल्फो' छापून झाल्यावर १७९४ च्या उन्हाळ्यात नवरा-बायको हॉलंड आणि ऱ्हाइनकाठाने स्वित्झर्लंडकडे निघाले. युद्धाचे दिवस होते. फ्रायबुर्गला एका अधिकाऱ्याने कागदपत्रांत खोट काढली आणि पुढे जाऊ दिलं नाही. परत फिरून त्यांनी इंग्लंडातला सरोवरांचा प्रदेश पाहिला आणि तिने त्या सगळ्या प्रवासाचं पुस्तक केलं.

आता मूळ मुद्दा. 'द इटालियन' बाहेर आली तेव्हा ती ३२ वर्षांची होती. इंग्लंडात कादंबरीसाठी तिच्याइतके पैसे क्वचितच कुणाला मिळत होते. आणि तिथून १८२३ मध्ये मरेपर्यंत तिने एकही कादंबरी छापली नाही. एवढी वर्षं गप्प.

लोकांना हे पचलं नाही. ती मेली अशी आवई उठली. मग, स्वतःच्याच भयकल्पनांनी तिचं डोकं फिरलं आणि तिला डर्बीशरमधल्या हॅडन हॉल या जुन्या वाड्यात कोंडून ठेवलंय, असं बोललं जाऊ लागलं. १८१० मध्ये एका कवीने तर ती वेड्या अवस्थेत वारली असं छापूनच टाकलं. तेव्हा बाई लंडनमध्ये धडधाकट होती, नवऱ्याबरोबर गाडीतून फिरत होती, सोबत कुत्रा. विंडसर, केनिलवर्थ, वाइटचं बेट. प्रवासाच्या टिपणवह्या भरत होती. एकाही अफवेला तिने जाहीर उत्तर दिलं नाही.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. १७९८ मध्ये वडील गेले, १८०० मध्ये आई, आणि दोघांची मालमत्ता तिच्याकडे आली. पैशासाठी लिहायची गरज उरली नाही. मिरवायची हौस कधीच नव्हती. त्यात तिची नक्कल करणाऱ्या कादंबऱ्यांचा पूर आला होता आणि टीकाकार त्या सगळ्यांचं पाप तिच्या पदरी घालत होते. पुढे दम्याने धरलं. ७ फेब्रुवारी १८२३ ला वयाच्या ५८ व्या वर्षी गेली. नवऱ्याने १८२६ मध्ये तिचं चरित्र लिहवून घेतलं, त्यात डॉक्टरचं निवेदन मुद्दाम छापलं, की शेवटपर्यंत बुद्धी शाबूत होती. मेल्यावर शहाणपणाचा दाखला!

माझं म्हणणं एवढंच आहे. एखाद्या पुरुषाने पैसे कमावून लिहिणं थांबवलं असतं तर त्याला निवृत्त म्हटलं असतं. हिने थांबवलं तर तिला तिच्याच कादंबरीतल्या किल्ल्यात नेऊन कोंडलं.

---

जुनंपुराणं

लेख आवडला, पण बाई नाही आवडली. चार खंड वाचायचे आणि शेवटी मेणाचा पुतळा? ही तर वाचकाची फसवणूक. भूत आहे तर आहे म्हणा. आमच्या धारपांकडे बघा. संकट खरं, काळी शक्ती खरी, म्हणून तर त्यांचे नायक समर्थ येऊन उभे राहिले की छातीत धडधड कमी होते. सगळं चोरांनीच केलेलं असेल तर समर्थ कशाला, पोलीस पाटील पुरे.

---

रात्रपाळी_सातपूर

पोलीस पाटील 😂

मी कंपनीत रात्री एकटा असतो तेव्हा शेडचा पत्रा वाजतो. वाऱ्याने वाजतो हे मला माहीत आहे. तरी दर वेळी मान वळतेच. तेव्हा बाईचं तंत्र मला पटलं.

---

गोदाकाठ

@जुनंपुराणं, तुमच्या बाजूने कादंबरीकार वॉल्टर स्कॉट उभा आहे. त्याने तिची स्तुती केली, पण हे खुलासे त्यालाही खटकले होते.

तिची बाजू अशी. भीतीचे दोन प्रकार तिने स्वतः एका लेखात मांडलेत. एकीत मन ताणलं जातं, जागं होतं, अंधारात काय असेल याचा अंदाज घेऊ लागतं. दुसरीत समोर प्रेत दिसतं आणि मन थिजून बंद पडतं. पहिलीला धूसरपणा लागतो, दुसरीला लागत नाही. तिला पहिली हवी होती. हा लेख तिच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये मासिकात आला.

दुसरी हवी असेल तर मॅथ्यू लुईस आहेच. पठ्ठ्याने 'उडॉल्फो' वाचून पेटून उठून विशीच्या आत 'द मंक' लिहिली. १७९६ मध्ये ती आली. सैतान खरा, प्रेतं खरी, बाकी जे आहे ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. अ‍ॅनची 'द इटालियन' हे त्याला दिलेलं उत्तर मानतात. त्यातही पाताळयंत्री धर्मगुरू आहे, शेदोनी. झोपलेल्या मुलीवर खंजीर उगारतो आणि तिच्या गळ्यातलं छोटं चित्र बघून हात थबकतो, कारण ते चित्र त्याचं स्वतःचं असतं. रक्ताचा थेंब नाही, पण त्या पानावर मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही.

---

पेठेतला

जुन्या नाशकातला आहे, वाड्यात वाढलो. दिंडी दरवाजा, चौक, माजघर, वर माडी. माडीवरची मागची खोली कायम कुलूपबंद. आम्हा पोरांना सांगितलेलं होतं, तिथे "बाई" आहे. आम्ही दुपारीसुद्धा त्या जिन्याला पाय लावत नसू. रात्री वरून खुडबुड यायची.

कळत्या वयात खरी भानगड समजली. ती खोली चुलत आजोबांच्या वाटणीची. दावा कोर्टात. निकाल लागेपर्यंत कुणी उघडायची नाही असं ठरलेलं, आणि पोरांनी कुलूप तोडू नये म्हणून बाईला बसवलेलं. खुडबुड उंदरांची, आत जुन्या वह्या आणि गोधड्यांचा ढीग.

आता जुनंपुराणं, मला सांगा, यात फसवणूक कुठे झाली? खरं कळल्यावर मला तो वाडा जास्त भीतीदायक वाटायला लागला.

---

वकीलकाका

पेठेतला यांनी माझं काम सोपं केलं. गोदाकाठताई, तुम्ही 'उडॉल्फो'ची खरी मेख सांगायची राहू दिलीत. मोंतोनी त्या दोघींना कोंडतो कशासाठी? जमिनीसाठी.

आत्याबाईंनी लग्नाआधी आपल्या फ्रान्समधल्या जमिनी स्वतःच्या नावावर राखून ठेवल्या होत्या. मोंतोनी कर्जात बुडालेला. तो म्हणतो, सही कर. ती करत नाही. तिला बुरुजात डांबतो, तिथेच ती आजारी पडून मरते, पण सही देत नाही. मग वारस कोण, तर एमिली. आता तिच्यापुढे कागद. एमिली बरेच दिवस नकार देते, शेवटी सोडून देण्याच्या बोलीवर सही करते, आणि मोंतोनी शब्द फिरवतो.

त्या वेळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता सरळ नवऱ्याची व्हायची आणि जमिनीचा कारभार त्याच्या हातात जायचा. वेगळा करार करून ठेवला असेल तरच काही वाचायचं. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगायचा पूर्ण हक्क तिथे १८८२ च्या कायद्याने आला. म्हणजे १७९४ च्या वाचक बायकांना काळ्या पडद्यापेक्षा तो कागद जास्त ओळखीचा असणार.

आणि आपण हसायचं कारण नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये. तरी आजही नोंदणी कार्यालयाबाहेर जाऊन बसा. भाऊ रिक्षाने बहिणीला घेऊन येतो, चहा पाजतो, साडी घेऊन ठेवलेली असते, आणि समोर हक्कसोडपत्र. "तुझं माहेर तुटू नये म्हणून." द्राक्षाच्या बागेला आणि रिंग रोडला लागून असलेल्या जमिनीला भाव आल्यापासून तर विचारू नका. वकिलीच्या उभ्या आयुष्यात भूत एकही पाहिलं नाही. मोंतोनी पुष्कळ पाहिले.

---

उंबरठा

+१ वकीलकाका. माझ्या आईने अशी सही केली आहे. चहासुद्धा तिनेच केला होता.

---

मधली_सुट्टी

पैशांवरून आठवलं. रॅडक्लिफची टर उडवणारी सर्वांत प्रसिद्ध कादंबरी जेन ऑस्टिनची, 'नॉर्थँगर अ‍ॅबी'. त्यातली नायिका 'उडॉल्फो' वाचून इतकी भारावलेली असते की पाहुणी म्हणून गेलेल्या घरात जुन्या कपाटात गूढ हस्तलिखित सापडल्यावर रात्रभर तळमळते. सकाळी बघते तर धोब्याचा हिशेब!

ही कादंबरी ऑस्टिनने १८०३ मध्ये प्रकाशकाला विकली ती १० पौंडांना. त्याने छापलीच नाही. १८१६ मध्ये तेवढेच १० पौंड देऊन परत घेतली, आणि पुस्तक आलं ते तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या शेवटी. जिची थट्टा केली तिला ५०० आणि ८००, थट्टा करणारीला १०, तेही परत करावे लागले. आज कोण घरोघरी आहे ते बघा.

त्याच पुस्तकात एक मैत्रीण सात भयंकर कादंबऱ्यांची यादी देते. लोक बराच काळ समजत होते की नावं ऑस्टिनने गंमत म्हणून रचली. विसाव्या शतकात शोध घेतला तर सातही पुस्तकं खरी निघाली.

---

जुनंपुराणं

बघा, टर उडवण्याजोगं होतं म्हणूनच उडवली ना.

---

मधली_सुट्टी

टर उडवायला आधी घोळून घोळून वाचावं लागतं. त्या कादंबरीचा नायक सांगतो की 'उडॉल्फो' हातात घेतल्यावर त्याला खाली ठेवता आली नाही. ऑस्टिनच्या मनात राग असता तर हे वाक्य तिने नायकाच्या तोंडी घातलं नसतं.

---

गंगापूर_रोड

थोडं अवांतर, पण नाशिकचं. 'उडॉल्फो'चं साल १७९४ वाचलं आणि थबकलो. रोज ज्या आनंदवल्लीवरून जातो ते नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून पडलेलं. राघोबा १७८३ मध्ये गेले. पुढे आनंदीबाई आणि मुलं कारभाऱ्यांच्या नजरकैदेत, आधी कोपरगावला, मग इथे गोदावरीच्या काठी आनंदवल्लीला. १७९४ मध्येच त्या इथे वारल्या.

म्हणजे लंडनमध्ये वाड्यात कोंडलेल्या बाईची कादंबरी लोक रात्र-रात्र जागून वाचत होते, त्या वर्षी आपल्याकडे एक बाई खरोखरच वाड्यात पहाऱ्यात मरत होती. आता तिथे बस थांबते, बंगले आहेत. कुणाला विचारलं तर "ध चा मा"पलीकडे काही सांगता येत नाही.

---

अंजनेरी

आणि ते "ध चा मा" तरी सिद्ध झालंय का? नारायणरावांचा खून १७७३ चा, तो खराच. रामशास्त्र्यांनी राघोबांना दोषी धरलं, तेही खरं. पण आनंदीबाईंनी कागदावर अक्षर फिरवलं ही लोकांच्या तोंडची गोष्ट, त्याचा पुरावा म्हणून तो कागद काही कुणी पुढे आणलेला नाही. नाटकांनी ती गोष्ट पक्की केली. गोदाकाठ म्हणतात तीच तऱ्हा. बाई गप्प किंवा कोंडलेली असली की लोक तिच्याभोवती कथानक विणतात, आणि मग ते कथानकच तिचं चरित्र होऊन बसतं.

---

गोदाकाठ

@गंगापूर_रोड, हे साल मला सुचलंच नसतं, आभार. पण दोन्ही बायका एका तागडीत घालताना मला थोडं जड जातं. आनंदीबाईंच्या मागे सत्तेचं राजकारण होतं, त्यांना गप्प बसवलं होतं. अ‍ॅन स्वतःच्या मर्जीने गप्प बसली, आणि मला तीच गोष्ट जास्त विलक्षण वाटते. तिच्याकडे प्रकाशक होते, मागणी होती, घरात अडवणारं कुणी नव्हतं. उलट नवराच तिच्या लेखनाचा पहिला वाचक.

---

जुनंपुराणं

मग खरंच का थांबली? पैसे आले म्हणून हे कारण मला पुरेसं वाटत नाही. लिहिणारा माणूस पैसे आले म्हणून थांबत नाही.

---

गोदाकाठ

लिहिणं थांबलं नव्हतंच, छापणं थांबलं होतं. आणि हे खास तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. १८०२ च्या सुमारास केनिलवर्थच्या पडक्या किल्ल्याला भेट दिल्यावर तिने 'गॅस्टन द ब्लॉन्डव्हिल' लिहिली. तिसऱ्या हेन्रीच्या दरबारातली गोष्ट. एक व्यापारी राजाकडे न्याय मागतो, की माझ्या नातलगाचा खून तुमच्या लाडक्या सरदाराने केला. राजा उलट त्यालाच कैद करतो. तेव्हा खून झालेल्या माणसाचं भूत येऊन साक्ष देतं. खरं भूत! खुलासा नाही, मेण नाही, चोर नाहीत.

ही एकच कादंबरी तिने कपाटात ठेवली. छापली नवऱ्याने, १८२६ मध्ये.

---

जुनंपुराणं

अरे वा. हे आधी का नाही सांगितलंत? आता वाचतो.

---

पेठेतला

हिचं चरित्र पुढे कुणी नीट लिहिलं का? वर ते नवऱ्याने लिहवून घेतलेलं आहे, त्यात घरचं मत येणारच.

---

गोदाकाठ

कवयित्री क्रिस्टिना रोझेटीने प्रयत्न केला होता. १८८३ मध्ये तिने हात टेकले, कारण लिहायला सामग्रीच मिळेना. पत्रं जवळजवळ नाहीत. तिची शेवटच्या काळातली एक वही बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. तीत बरंचसं दुखण्या-औषधांचं टिपण. आधुनिक चरित्रं विसाव्या शतकाच्या शेवटी आली, तीही बहुतेक आजूबाजूच्या कागदांवरून जुळवलेली.

---

पांढरी_रात्र

दोस्तोयेव्हस्कीने लिहून ठेवलंय की तो लहान होता, वाचताही येत नव्हतं, तेव्हा हिवाळ्यातल्या लांब रात्री झोपण्यापूर्वी आई-वडील रॅडक्लिफच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचायचे. हा तोंड उघडं टाकून ऐकायचा आणि मग झोपेत बरळायचा. इटलीला जायची ओढ त्याला तिथून लागली. इटली न पाहिलेल्या बाईने मॉस्कोतल्या एका पोराला इटलीचं वेड लावलं.

माझं वैयक्तिक मत: त्याच्या कादंबऱ्यांत दाराआड कुणीतरी उभं राहून ऐकत असतं, तो माणूस रॅडक्लिफच्या किल्ल्यातून चालत आलेला आहे. पुरावा मागू नका.

---

अंजनेरी

आपल्याकडे १८६१ ची हळब्यांची 'मुक्तामाला' आणि नंतरची रिसबुडांची 'मंजुघोषा' ही याच कुळातली वाटतात. दुष्ट कारस्थानी, संकटात सापडलेली नायिका, ताटातूट, योगायोग. थेट रॅडक्लिफ वाचून लिहिल्या असं मी म्हणत नाही, आपल्याकडे संस्कृत कथांचा साठा होताच. पण कुणी अभ्यास केला असेल तर वाचायला आवडेल. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. तिथल्या जुन्या कपाटांत एखादी इंग्रजी प्रत असेल का, याची मला उगाचच उत्सुकता लागली आहे.

---

उंबरठा

कुठून सुरुवात करू? इंग्रजी जुनं असेल तर झेपेल का? आणि किती वेळ लागतो?

---

गोदाकाठ

'द इटालियन'पासून करा. ती जास्त बांधीव आहे, आणि शेदोनी तिच्या सगळ्या खलनायकांत सरस. इंग्रजी कठीण नाही, वाक्यं लांब आहेत. हक्क कधीच संपलेत, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतात.

'उडॉल्फो' घेतलीत तर दोन सूचना. मधे मधे एमिली कविता करते, त्या बिनदिक्कत गाळा. आणि सूर्यास्ताची वर्णनं येतील, पुष्कळ येतील. ती मात्र गाळू नका. तिची भीती त्या उजेडातूनच हळूहळू उतरते.

---

वकीलकाका

आणि जमिनीच्या कागदांची पानं दोनदा वाचा.

---

रात्रपाळी_सातपूर

मी मोबाईलवर 'उडॉल्फो' उतरवून घेतली, तीन रात्री झाल्या. पहिला खंड संपत आला. डोंगर झाले, नद्या झाल्या, सूर्य बऱ्याचदा मावळला, मुलगी सारखी रडतेय. किल्ला कुठाय?

---

गोदाकाठ

दुसऱ्या खंडात, पाचव्या प्रकरणात. नोकरी सोडू नका तोवर.